साखळी टाका

गुरुवारी टॉडमॉर्डनला जुना बाजार भरतो,
रेल्वेच्या दगडी कमानींपासून चार पावलांवर.
मी हॅलिफॅक्सहून बसने जाते, बटणांसाठी.
फक्त बटणांसाठी, असं श्रीरंगला सांगून.
घरात चार यंत्रं आहेत, पाचव्याला
जागा नाही, हे त्याचं म्हणणं,
आणि खरंही.

क्लिफर्ड ऑगडनच्या टेबलावर त्या दिवशी
तीन टोस्टर, पितळी घोडे, एका बुटाचा लाकडी साचा,
आणि मागे, बटाट्याच्या खोक्यात,
काळं, ठेंगणं, अडकित्त्यासारखं वळलेलं काहीतरी.
मी आधी बुटाचा साचा उचलला.
आवडलेल्या वस्तूकडे लगेच पाहू नये,
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मग वाकले. बोटाने धूळ पुसली.
खाली बॉबिनची जागाच नव्हती.
एक सुई, एक दोरा, आणि पट्टीखाली
दोरा झेलत फिरणारा एक आकडा.
दोऱ्याला ताण द्यायला काचेच्या दोन चकत्या,
दोन्ही अखंड.
तीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करतेय मी,
असलं यंत्र फक्त चित्रात पाहिलेलं.
छाती धडधडायला लागली. चेहरा
भाजी निवडतानाचा ठेवला.

"पस्तीस," तो म्हणाला. "चालतं का माहीत नाही.
एनिडचं होतं."

पायाखाली कापड तसंच होतं,
निळ्या चौकड्यांचं, ॲप्रनचं असावं.
वीतभर शिवण झालेली, सुई आत रुतलेली.
"चहा टाकायला उठली," तो म्हणाला,
आणि पुढचं वाक्य टोस्टरकडे बघत गिळलं.
मग, गिऱ्हाइकाला माल स्वच्छ द्यावा म्हणून,
कापड ओढायला हात घातला.

"नका!"
एवढ्या मोठ्याने ओरडले की
शेजारचा पुस्तकवाला उठून उभा राहिला.

कसं सांगायचं, माझ्या इंग्रजीत?
तांदळाच्या पोत्याचं तोंड आठवा, म्हणणार होते,
बरोबर टोक हाती आलं की सर्रकन उसवतं,
पण त्याने पोतं कशाला उघडलं असेल.
म्हणून नुसतं म्हटलं: ही एकाच दोऱ्याची शिवण.
प्रत्येक फासा पुढच्या फाशाच्या भरवशावर.
शेवटचा उघडा आहे.
ओढलंत तर तिचं सगळं निघून येईल.

त्याने हात मागे घेतला, खिशात घातला.

माझ्या कॉलरखाली सुई असतेच.
चाक अर्धं फिरवलं, पाय उचलला,
टीचभर दोरा मोकळा घेऊन कापला,
सुईने शेवटचा फासा सैल केला
आणि टोक त्यातून काढून आवळलं.
गार बोटांनी दोनदा चुकलं.
तिसऱ्यांदा बसली गाठ.
आमच्याकडे गाठ दोऱ्याला पडते
आणि माणसांचीही पडते, शब्द तोच;
हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.
कापड दिलं, पस्तीस दिले, घासाघीस राहून गेली.

बसमध्ये मांडीवर दोन कलिंगडांचं वजन.
दारात श्रीरंग म्हणाला, "बटणं मिळाली?"

रात्री तेल घातलं. उशीच्या फाटक्या अभ्र्यावर
चालवून पाहिलं. आवाज जवळजवळ नाहीच.
मोहरीएवढे टाके, एकामागे एक.
मग टोक धरून ओढलं:
सगळी शिवण पुन्हा दोरा,
फक्त थोडा कुरळा.
तीन वेळा केलं तेच, पोरकटपणे,
चौथ्यांदा नाही.

पुढच्या गुरुवारी तो पत्र्याची डबी घेऊन उभा.
आत नऊ सुया, आखूड, आता न मिळणाऱ्या.
आणि ते कापड, इस्त्री करून,
उलट्या बाजूने.
"दोन बाजू राहिल्यात अजून," म्हणाला.
"किती घेता तुम्ही?"
काही नको, म्हणणार होते.
त्याच्या तोंडाकडे पाहिलं.
"साडेचार पौंड," म्हटलं.
त्याने पाचाची नोट दिली, आणि
पन्नास पेन्स परत येईपर्यंत
हात पुढे धरून उभा राहिला.