बेवारस जाळं

अंबाजोगाईच्या दवाखान्यात
डॉक्टरीण कागदावर गोल काढते:
ही पांढरी पेशी. राखणदार.
चोर नसतानाही
पोटातला धागा उसवून जाळं फेकते,
आणि मरते.

माझी डावी पोटरी
दुधी भोपळ्यागत टम्म.

मी गंगाखेडची भोईण, बाई.
जाळं मला नका शिकवू.
फेकणारा बुडाला तरी
ते धरतच राहतं,
काडी, गाळ, मेलेलं कासव,
मग पाणीच अडतं.
सासऱ्याचं तसलं एक
गंगेतून तीन उन्हाळे
तुकड्या-तुकड्यानं काढलं आम्ही.

गोळी रोज रात्री. रक्त पातळ राहील.
सुई टोचली, रक्त थांबेना,
तर लगेच यायचं.

आता जाळं विणताना
गाठ जरा सैल पडते.
मालक म्हणतात, मासळी निसटंल.

निसटंल तेवढी निसटू दे.