असा

नाव विचारलं तर क्वामेनामामा म्हणतो, असा.
एवढंच. असा.
माझ्या कानाला वाटतं वाक्य पुढे असेल,
असा म्हणजे कसा, ते येईल मागून.
येत नाही.
मामा सदऱ्याच्या खिशातून पानाची पुडी काढतो,
आत सात फळं, करवंदापेक्षा लांबट,
लाल, पण ओरडून लाल नव्हे.

यामोरान्साच्या रस्त्याकडेला एसाबाची चूल.
मका भिजवायचा, दळायचा, पीठ आंबवायचं,
अर्धं शिजवून उरलेल्या कच्च्यात कालवायचं,
केळीच्या वाळल्या पानांत बांधून उकडायचं: केंके.
केप कोस्टच्या गाड्या थांबतात त्या आंबटपणासाठी.
बत्तीस वर्षं तिने घड्याळ पाहिलं नाही.
करंगळीवर पीठ, करंगळी जिभेवर,
मग "आत्ता", किंवा "अजून एक रात्र".
जीभ म्हणेल तसं.

मग छातीत गाठ. मग इस्पितळ,
दर तीन आठवड्यांनी शिरेत थेंब थेंब.
केस गेले, त्याचं तिला काही नाही,
डोक्याला फडकं ती आधीही बांधायची.
पण जिभेवर एक नाणं येऊन बसलं
आणि उठेचना.
पाणी, नाणं. मासळी, नाणं.
एवुरामा, तिची लेक, मिरचीचं काळं वाटण पुढे करायची,
तेही गंजलेलं.
भाजीवाल्या शेजारणीच्या काट्यावर ती उभी राहायची
आणि कुणालाच आकडा सांगायची नाही.

तोडल्यावर दोन दिवसांत काळं पडतं हे फळ,
म्हणून मामा थेट कोकोच्या बागेतून आला,
पायांना चिखल तसाच.
"चावू नको. घोळव. सगळ्या जिभेवर. बी थुंक.
आता हे घे."
लिंबाची फोड.

एसाबाचा चेहरा आधीच आंबला, सवयीने,
आणि मग सुटला.
लिंबू गोड होतं.
साखरेसारखं नव्हे. संत्र्याने
चुकून दुसऱ्याचा सदरा घालावा, तसं.
दुसरी फोड. तिसरी.
मग टोमॅटोचं सार, वाटीभर, मग वाटी चाटून.
एवुरामा परसात गेली
आणि बराच वेळ धुतलेलीच भांडी धूत राहिली.

खोटं कशाला बोलू, गाठीला याने काही होत नाही.
डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, मामालाही ठाऊक आहे.
फळात एक प्रथिन असतं म्हणे, जिभेला बिलगून राहतं,
आंबट आलं की त्याला गोड म्हणून आत सोडतं.
अर्धा तास, फार तर पाऊण.
तेवढ्या वेळात एक माणूस जेवतं.
पुढच्या थेंबांसाठी उभं राहण्याइतकं जेवतं.
फळाचा गुण सांगायचा तर
एवढाच आहे, आणि तो मी मोजलेला आहे:
एक वाटी सार, अर्धी मासळी, तीन लिंबं.

चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, पीठ आण.
हल्ली चूल एवुरामा सांभाळायची,
गाड्या थांबायच्या, पण सगळ्या नाही.
करंगळी पिठात, करंगळी जिभेवर,
आणि एसाबा भडकली.
"हे काय, वाढदिवसाचा केक?
बत्तीस वर्षं मी याला ओळखते
आणि आज हे माझ्याशी गोड बोलतंय!"

मामा हसला, मग हसायचा थांबला.
ती चुलीपाशी बसून राहिली.
समोर पातेलं रटरटत होतं, पानांचा वास सुटला होता.
गोडी हळूहळू उतरली, नाणं वर आलं,
तिने पुन्हा करंगळी बुडवली.
नाणं. अजूनही नाणं.
आणि नाण्याच्या मागे,
दाराच्या फटीतून कुणी बघावं तसं,
बारीकसं काहीतरी.

ती कुणाशी काही बोलली नाही.
पुन्हा चाखलं, मान तिरकी करून,
पूर्वी करायची तशी.

"झाकून ठेव," ती लेकीला म्हणाली.
"अजून एक रात्र."