मधला सी

शाळा उघडायला अठ्ठावन्न दिवस आहेत.
वहीत तीन नावं:
रेवा पांढरीपांडे, वय सात;
मोहननगरचा जोएल, नऊ;
आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काकडे,
त्यांनी फोनवर दोनदा विचारलं, मोठ्यांना जमतं ना?
जमतं, म्हटलं.
तेव्हापासून रोज पहाटे, ऊन चढायच्या आत,
मी रिकाम्या स्टुलाला शिकवते.

हा मधला सी, मी स्टुलाला सांगते,
दोन काळ्यांच्या डाव्या कुशीतला.
कुशीतला हा शब्द खोडला.
लगेच डावीकडचा, असं लिहिलं.
दुपारी पुन्हा कुशीतला केलं.

एजी ऑफिसात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या बेरजांखाली लाल टिंबं दिली.
नजर अजून आधी चुकीवरच जाते.
म्हणून सीताबर्डीवरून हिरव्या पेन्सिली आणल्या, अर्धा डझन.
लाल पण आहेत हो, दुकानदार म्हणाला.
माझ्या संपल्या, म्हटलं.

अंगठा एक, तर्जनी दोन.
इथे पोरं अडणार.
आपण करंगळीच्या पेरापासून मोजतो,
दुधाचे रतीब, सुतकाचे दिवस;
अंगठा नुसता फिरतो पेरापेरांवरून,
सगळ्यांना मोजतो, स्वतः मोजात येत नाही.
त्याला उठवून एकदम पहिला नंबर द्यायचा.
मला स्वतःला हे किती दिवसांत पटलं होतं?
आठवत नाही. तीच तर पंचाईत आहे,
मला न येणं आठवत नाही.

मिस फिलोमिना मनगटामागे चार आणे ठेवायच्या.
नाणं पडलं नाही तर ते आपलं.
डबा उपसला, चार आणे सापडले नाहीत.
दहाचं नाणं सात वर्षांच्या हाताला जड.
शेवटी शर्टाचं एक बटण काढून ठेवलं,
पण बटण जिंकून कोण काय करणार.

रेवाचे पाय जमिनीला टेकणार नाहीत.
ऑडिट मॅन्युअलचे दोन खंड अगदी त्या उंचीचे होते.
खाली सरकवले, आणि उचलून कपाळाला लावले.
कागदाला पाय लागू नये.
आता जेवायचा पाट आहे खाली, पितळी फुलांचा.

परवा गणवीर आला कूलरला नव्या ताट्या बसवायला.
दर वर्षी वाळ्याची ओल पियानोच्या पोटात शिरते,
वरचा एक ए दाबला की खालीच बसून राहतो,
जेवणाच्या सुट्टीनंतरच्या कारकुनासारखा.
दहा मिनिटं बसता का, मी विचारलं.
तो हात धुऊन आला. बघितले, आणि पुन्हा धुऊन आला.

मी सगळं म्हटलं, पाठ होतं तसं,
कूस, अंगठा, मनगट.
त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला,
बाई, हे काये कुठी दोन, कुठी तीन, असे काऊन हायेत?

बत्तीस पानं तयारी.
एकाही पानावर हे नव्हतं.
मिस फिलोमिनांना मीही कधी विचारलं नाही,
चार आण्यांकडे लक्ष होतं.
मी सांगायला गेले, आणि सप्तक, अर्धस्वर
असं करत त्याचा चहा निवला.

बरं, म्हणाला, आणि सी वर बोट ठेवलं,
एवढं हळू दाबलं, काचेची बरणी सरकवावी तसं,
की पट्टी खालपर्यंत गेली आणि
काहीच वाजलं नाही.

बिघडला का? त्यानं हात मागे घेतला.
नाही, म्हटलं. बिघडला नाही.
पुन्हा करा.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा काही नाही.
तिसऱ्यांदा जरा जोर लागला
आणि तो हसला नाही, दचकला,
कूलरच्या पंपाकडे बघितलं,
तिकडून तर नाही ना आला आवाज.

जाताना कूलर पलीकडच्या खिडकीत लावून गेला,
तुमच्या बाजाले ओल बाधते म्हणून. पैसे नेहमीचेच घेतले.
ए अजून अडकतोच.

रात्री पहिलं पान फाडलं.
हिरव्या पेन्सिलीनं लिहिलं:
पहिला तास. न वाजवता दाबून बघणे.
त्याखाली, दोन का, तीन का,
आणि पुढे जागा सोडली.