ज्वालामुखी बंद आहे

डुलुथच्या वर, गोठलेल्या तळ्याकाठी
आमचं हवाई: एकशे बारा खोल्या,
प्लास्टिकचे माड, लॉबीत एक ज्वालामुखी.
पूर्वी तासातासाला फुटायचा.
आता त्याच्या कडेवर ओले हातमोजे वाळतात.

जाताना पाहुणे कार्डं भरतात,
रात्रपाळीला मी वाचतो.

गालिच्याला क्लोरीनचा वास.
पलंग बांबूचा नाही, कुरकुर मात्र बांबूची.
२१७ मधून समुद्र नाही, बॉयलर दिसतो.
बर्फाचं यंत्र शोधायला तीन जिने उतरलो,
दोन चढलो, आणि परत आमच्याच दारात!

खरं आहे. एक विंग चौसष्टची, दुसरी अठ्ठ्याहत्तरची,
त्यांच्या मजल्यांचं कधी पटलंच नाही.
एका पोराने फक्त बाण काढलाय,
वळत वळत कार्डाबाहेर गेलेला.

आर्लिस हाउगन दर फेब्रुवारीत २१७च मागते.
ऑर्विल बर्फ आणायला जायचा आणि हरवायचा,
मग कुठल्यातरी वळणावरून तिच्या नावाने हाका.
ती दार उघडून म्हणायची, डावीकडे रे, डावीकडे.

यंदा एकटीच आली.
रात्री अकराला फोन: बर्फ मिळेल का?
एकोणीस वर्षं आहे इथे, डोळे मिटून पोचेन.
तरी लांबच्या जिन्याने गेलो,
आणि बादली हातात धरून, माडाआडून,
जरा चाचरत हाक मारली.

दार उघडायला वेळ लागला.

सकाळी तिचं कार्ड:
बर्फ वितळलेला होता. खोली ठीक.
वाटा बदलू नका.