मागची गाडी

रस्त्याने कुणी पळताना दिसलं
की तू गाडीची काच खाली करून विचारायचास,
“कोण लागलंय पाठीमागे?”
आणि स्वतःच्याच विनोदावर
पुढचं वळण येईपर्यंत हसायचास.

मॅलकी, आज मी पळतेय.
वय अठ्ठावन्न, डाव्या गुडघ्याला पट्टा,
छातीवर नंबर,
पाठीवर हॉस्पिसचं नाव, इतक्या ठळक अक्षरांत
की कॉनेमाराच्या मेंढ्यांनाही वाचता यावं.

यादी फ्रीजवर चिकटवली आहे.
माझ्या शाळाबसमधली पोरं: त्रेचाळीस युरो,
सगळी चिल्लर, बिस्किटांच्या डब्यात.
तुझा भाऊ कोलम: शंभर,
शर्यत पुरी केली तरच.
पलीकडची मिसेस गेराटी, जिच्याशी तू
एका कुंपणापायी अकरा वर्षं बोलला नाहीस: दोनशे.
पाकिटावर काही लिहिलं नव्हतं.

या पैशांत किती रात्री बसतात, मी विचारलं.
ऑफिसातली मुलगी अवघडली,
असा हिशोब आम्ही करत नाही म्हणाली.
मग मीच केला, वीजबिलाच्या पाठीवर.
एक नर्स, रात्री दहा ते सकाळी आठ.
साडेनऊ रात्री झाल्या.
ती अर्धी कुणाच्या वाट्याला जाईल
याचा विचार करत मी दिवा मालवला.

तुझ्या वाट्याला सहा आल्या होत्या, पुऱ्या.
डिम्फना यायची, दाराशी बूट काढायची,
कुजबुजायची मात्र नाही.
तू गाढ झोपेत असलास तरी तुला सांगायची,
मॅलकी, आता कूस बदलूया,
आणि मगच हात लावायची.
काडीच्या टोकाला गुलाबी स्पंज,
तो भिजवून, पिळून
तुझ्या ओठांवरून, हिरड्यांवरून फिरवायची.
चौथ्या रात्री तिने काडी माझ्या हातात दिली.
तू म्हणालास, पाणी नको, काळी बिअर.
मी तिच्याकडे पाहिलं.
चालते की, म्हणाली.
तू तो स्पंज चोखलास
तान्ह्या पोरासारखा, डोळे मिटून,
आणि जग विकत घेतल्यासारखा सुस्कारा टाकलास.

अठराव्या मैलाला, तळ्याच्या काठी, टेबल होतं.
माझ्या बसमधला, शेवटच्या सीटवरचा द्वाड ओशीन
ओला स्पंज पुढे धरून उभा.
“कपाळाला लावायचा असतो, मिसेस!”
मी तोंडात घातला.
पोरगा बघतच राहिला.
नुसतं पाणी होतं, जरासं रबराच्या चवीचं.
मी तो शेवटच्या थेंबापर्यंत चोखला
आणि मग बराच वेळ
मला रस्ता नीट दिसेना.

विसाव्या मैलाला कळलं, आपल्या मागे कुणी नाही.
म्हणजे माणूस कुणी नाही.
मागे गाडी आहे, थकलेल्यांना उचलून घेणारी,
आणि चाकावर फेस्टस,
गावातले अंत्यविधी करणारा.
दर वर्षी त्यालाच बोलावतात.
इतकं सावकाश चालवणं
दुसऱ्या कुणाला जमत नाही.
तुलाही त्याने याच रस्त्याने नेलं होतं,
याच गिअरमध्ये.
तेव्हा तो पुढे होता
आणि मी मागे चालत होते.

चढावर तो जवळ आला. काच खाली केली.
“बसतेस का, इमेल्डा? आत हीटर लावलाय.”
मांड्यांत गोळे, बोटांची नखं काळीनिळी,
वारा असा की शेपटीला धरून मागे ओढावं.
क्षणभर, तुला खोटं कशाला सांगू,
मी त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.
“आज नको, फेस्टस.”
“बरं,” म्हणाला. काच वर केली,
आणि अदबीने, हा धंदाच त्याचा,
चार हात मागे राहिला.

तर कोण लागलंय पाठीमागे,
ते आता तुला कळलं.
हस.
अजून सहा मैल आणि वर थोडं.
कोलमचे शंभर यायचेत.