प्रश्न सतरावा

उलानबातरच्या उत्तरेकडची टेकडी. उणे एकतीस.
दुलमाच्या नमद्याच्या गोल गेरमध्ये
मी फॉर्म उघडते.
खोल्या किती?
ती भिंतीवरून नजर फिरवते, हसते :
"कोपराच नाही बाई, खोली कुठून मोजू?"
मी लिहिते, एक.

प्रश्न सतरावा : घरात मुलांसाठी हिवाळी बूट आहेत का?
आहेत की.
उगानबायर सकाळच्या शाळेतून एकला येतो,
दारातच उभ्या उभ्या बूट काढतो,
धाकटी नोमिन त्यांत पाय खुपसते
आणि दुपारच्या शाळेला पळते.
"ऊबदार असतात," ती मला सांगते, "दादाने तापवलेले."

उत्तराच्या चौकटी दोनच.
मी 'होय'वर खूण करते
आणि समासात पेन्सिलीने सगळी हकीकत
(पेनातली शाई केव्हाच गोठली).
समास संगणकात चढत नाही.
कचेरीतल्या साइनझायाने मात्र वाचला,
चारशे फॉर्मांचे समास,
डबा बाजूला सारून, रात्री.

पुढल्या साली प्रश्नात एक शब्द वाढला : 'प्रत्येक'.
तेवढ्याने टेकडीवरची गरिबी दुप्पट झाली.
साहेब खवळले, इतकी वाढली कशी?
साइनझायाने समासांची चळत त्यांच्यापुढे ठेवली
आणि चहा आणायला गेली.

भत्त्याची यादी लांबली.
या खेपेला दुलमाच्या शेगडीपाशी दोन जोड.
नोमिनचा जरा मोठाच,
पुढचा हिवाळा धरून घेतलेला.
ती कुरकुरते आहे,
नवे बूट घालताना फार गार लागतात.