पावती पुस्तक

सकाळी साडेसहाला हिरावाडीच्या स्टेडियमवर
शेवटच्या रेषेपाशी मी पोटावर आडवा होतो.
जानेवारी. नाशिकची थंडी
जमिनीतून सरळ बरगड्यांत शिरते,
बोटाखाली शटर आहे की बर्फाचा खडा, समजत नाही.
पाच हजार मीटर, मुली.
साडेबारा फेऱ्या, त्यातल्या अकरा मी नुसता बघतो.
कुणाचा खांदा पडायला लागला,
कोण शेवटासाठी राखून आहे.
सुरगाण्याची यमुना भोये, नंबर एकशे बारा,
डावा बूट अंगठ्यापाशी उसवलाय,
वळणावर ती त्या पायावर पूर्ण भार टाकत नाही
हे मला सातव्या फेरीला कळलेलं असतं.
हे कळणं
कुठल्याच बिलात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

अकरा वाजता डेस्कवरून फोन.
खैरनार, फोटो झकास. पण तीनशे नाही जमणार, दीडशे करू.
म्हटलं, मागच्या वर्षी साडेतीनशे होते.
मागच्या वर्षी कागद स्वस्त होता.
आणि तो सातपूरचा अहिरेंचा पोरगा आहे ना,
तो तर नुसत्या नावावर देतो.
फोटोखाली नाव आलं की खूश.

नाव.
नावावर मुंबई नाक्याला पेट्रोल मिळत नाही.
लेन्सला बुरशी धरली तर रविवार कारंजावरचा दुरुस्तीवाला
नाव घेऊन काच पुसत नाही.

पोरगा तिथेच होता, माझ्या डाव्या हाताला.
बाप अंबडला कंपनीत, कॅमेरा हप्त्यावर.
शर्यत चालू असताना मान खाली घालून
काढलेलेच फोटो बघत होता.
मनातल्या मनात त्याला जे बोलायचं ते बोललो
आणि मधेच थांबलो.

सत्त्याण्णव साल. भद्रकाली. रज्जाकभाईंची डार्करूम.
काळोखात रीळ कसं चढवायचं
ते त्यांनी माझी बोटं धरून शिकवलं होतं.
गोल्फ क्लबवरच्या सामन्याच्या एका प्रिंटचे ते चाळीस घेत.
मी त्यांच्याच संपादकाकडे गेलो
आणि म्हणालो, पंचवीस.
वर्षभरात डार्करूमच्या जागी फॉल-पिकोचं मशीन आलं.
नंतर भेटले की चहा पाजायचे,
दराचा विषय कधीच काढला नाही.
काढला असता तर बरं झालं असतं.

सर, शटर किती ठेवलं होतं? पोरगा विचारतो.
हजारावर एक, मी म्हणतो.
आणि फोटोचे साडेतीनशे.
तो हसतो. त्याला वाटतं विनोद केला.

मांडव उतरवत होते तेव्हा यमुनाची आई आली.
हातात प्लॅस्टिकमधलं प्रमाणपत्र, पायात धूळ,
दुपारची एसटी गाठायची घाई.
पोरीचा फोटो काढला ना तुम्ही? किती द्यायचे?

दिवसभरात हा प्रश्न
या क्रमाने कुणी विचारला नव्हता.
राहू द्या हो, अगदी जिभेवर आलं.
गिळलं.
म्हणालो, मोठा प्रिंट, दोनशे. पोस्टाने घरी येईल.
घासाघीस नाही. कमरेची पिशवी सोडून
दहा-वीसच्या नोटा तिने दोनदा मोजल्या,
माझ्या हातात दिल्या, आणि हात तसाच पुढे.
पावती?
मी बचत गटाचा हिशेब लिहिते, म्हणाली,
बिनपावतीचं मला चालत नाही.

बॅगेच्या तळाशी, जुन्या बॅटऱ्यांखाली
पावती पुस्तक सापडलं.
शेवटची पावती पाच वर्षांपूर्वीची.
गुडघ्यावर ठेवून लिहिलं:
छायाचित्र, नग एक. रुपये दोनशे फक्त.
सही केली, हलली थोडी.
तिने वाचली, घडी घातली, गेली.

कार्बन वाळून गेला होता.
खालच्या पानावर शाई उतरलीच नाही,
नुसते वळ.
बोट फिरवलं की अक्षरं लागतात.